आठ दिवस दारं उघडी

नाना पेठेत, गुंदेचांच्या काउंटरवर
तीन डबे मांडलेले.
तिन्हींवर गाडीचं चित्र, झगमगीत,
आणि आत बसलेलं कुणीच नाही.

"मॅडम, हा मारा. आरशासारखा डॅशबोर्ड."
मी म्हटलं, आरसा आहे माझ्याकडे,
त्यात अकरा पोरं दिसतात, तेवढी पुरेत.

फरशीचा पत्रा गंजलाय. रबरी मॅटखाली
बाटल्यांचं पाणी, डब्यातलं तेल,
भार्गवीची उलटी, इकराचे वॉटरकलर.
सीटचं रेक्झिन सोललंय
कारण स्वानंद ते सोलतो. रोज, थोडं थोडं.
शिवाय धायरी फाट्यावर चढणारी ती धाकटी,
जे समोर येईल ते चाटते. काच, दांडा, पुढच्याचं दप्तर.
हे सगळं दुकानात कसं सांगणार?

"सेफ आहे का?" एवढंच विचारलं.
"इंपोर्टेड आहे."
उत्तर दिलं असं त्यांना वाटलं.

डब्यांच्या पाठीचे फोटो काढून घरी आले.

हे बावीस वर्षं भोसरीत, पेंट शॉपला.
टेम्पोच्या केबिनी यांच्या फवाऱ्याखालून गेल्या,
पहिली नऊ वर्षं तोंडाला नुसता रुमाल.
मास्क आले ते ऑडिटच्या दिवशी.
आता जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात,
तिथल्या दारावरची पाटी पाठ आहे,
तरी वाचतात.

फोनवर दोन बोटांनी अक्षरं ताणली.
"हा दोन भागांचा. हार्डनर मिसळावा लागतो.
मारणाऱ्याला बाहेरच्या हवेची नळी हवी. सोड.
हा नुसता चकाकीचा. पेडलवर उडाला
तर ब्रेकवरून चप्पल सटकेल."
तिसऱ्यावर बराच वेळ थांबले.
पाण्यातला. खरखरीत. सगळ्यात स्वस्त,
म्हणून गुंदेचांनी मागे ठेवलेला.
"याचा सेफ्टीचा कागद माग. नाही दिला तर घेऊ नको."
वास नाही म्हणतात याला, मी म्हटलं.
"बिनवासाचंही बाधतं," हे म्हणाले,
आणि पाणी प्यायला उठले.

कागद चार दिवसांनी मिळाला. सात पानं.
"एवढी चौकशी तर आम्ही सोयरीक जुळवताना करत नाही,"
गुंदेचा म्हणाले, बिलावर स्टेपलर मारत.

मे महिना, शाळा बंद. सोसायटीमागचं मोकळं मैदान.
यांची खुर्ची लांब, वारा पाठीवर घेऊन,
माझ्या तोंडाला चांगल्यातला मास्क, यांनीच पट्टे ओढून बघितलेला.
आधी सीटखाली, वीतभर, कुणाला न दिसेल असं.
एक रात्र थांबलो. मग बाकीचं.
"पातळ मार. अजून पातळ.
घाई केली की ओघळतं."
आयुष्यात यांनी मला इतकं कधी शिकवलं नव्हतं.

डब्यावर लिहिलं होतं, दोन दिवस.
आम्ही आठ दिवस दारं उघडी ठेवली.
एक कुत्री आत झोपायला लागली,
तिला रोज हाकलायचं, हेही काम.

नवव्या दिवशी भर दुपारी हे म्हणाले,
"काचा लाव. तासभर तापू दे. मग हुंग."
यांना स्वतःला काही कळत नाही,
फोडणी करपली तरी नाही,
कितीतरी वर्षांत.
दार उघडलं. गरम हवा अंगावर आली.
मी गुडघे टेकून फरशीशी नाक नेलं.
"काय येतंय?"
पत्रा. ऊन. आणि सीटच्या फटीत चिकटलेली
कुणाची तरी संत्र्याची गोळी.
"संत्र्याची? नक्की?"
गोळी काढून यांच्या हातावर ठेवली.
हे तिच्याकडे बघत राहिले.

जूनमध्ये पहिल्याच दिवशी स्वानंदनं
सीटचा कोपरा नखानं चाचपला,
मग फरशी. मग दाराची कड.
"काकू, इथे काय लावलंय?"
त्याला सोलायला काहीच सापडेना.
नवले पुलापाशी सिग्नलला आरशात बघितलं तर
तो शांतपणे ढोपरावरची
खपली काढत होता.